लिहिलंय तेवढंच

एकाहत्तरच्या लढाईनंतर फौज सोडलेले एक हवालदार सांगलीच्या इंजिन कारखान्यात नव्या कामगारांसाठी धडे लिहीत. मास्तरकी सोडून हेच काम करावं का, या विचारानं मीही एक धडा लिहून त्यांच्याकडं नेला. ते धड्यावर कधी मत देत नसत. लिहिलंय तेवढंच करून दाखवत.

"चाकाच्या बेअरिंगला तेल घाला," त्यांनी वाचलं आणि तेलाचा डबा घेऊन ते चालू इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर वाकले. गळ्यातल्या मफलरचं टोक पट्ट्याकडं लोंबायला लागलं.

"आवं, आधी इंजिन बंद करा," मी ओरडलो.

"कुठं लिवलंय?" ते आणखी वाकले.

मीच धावत जाऊन इंजिन बंद केलं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

"तुमी हुता म्हणून धावला, मास्तर. नव्या गड्याजवळ निस्ता ह्यो कागद असणार."