मयताच्या हॉलचे फोटो आणि माझे मोदक

सकाळी ग्रुपवर चुकून पडलेल्या फोटोंबद्दल एकदाच सांगते, नीट वाचा.

मी इथे आयर्लंडमध्ये, एनिस गावात, फ्युनरल होमची साफसफाई करते. मयताला शेवटचं बघायला लोक येतात, ती जागा. कोविडमुळे लोक यायला घाबरतात, म्हणून मालक म्हणाला, खुर्च्या लांब लांब ठेवल्यात ते दिसू दे, वेबसाइटसाठी फोटो काढ. मी काढले आणि त्याच्याऐवजी तुम्हाला पाठवले.

गालिचा, सोफे, फुलं बघून वृषालीने लगेच विचारलं, "ताई, कसला गोड हॉल आहे. आमच्या बाळाच्या बारशाला मिळेल का? किती माणसं मावतात?"

मी लिहिलं, "एका वेळी एकच. आडवा."

दुपारपर्यंत उद्याच्या गणपतीसाठी माझ्याकडे दिलेली मोदकांची ऑर्डर तिघींनी रद्द केली. वृषाली म्हणते, "राग मानू नका ताई, सासूबाई ऐकत नाहीत." सासूबाई सांगलीत. त्यांना काय मोदक कुरियरने जाणार होते?

कोविड नव्हता तेव्हा इथले लोक त्याच सोफ्यांवर बसून, शवपेटीशेजारी चहा-सँडविच खायचे. कुणाला काही झालं नाही.

मी घरी येऊन आधी डोक्यावरून आंघोळ करते, मगच ओट्याला हात लावते. तुमच्यातल्या किती जणी आंघोळ करून स्वयंपाकाला लागतात, खरं सांगा.