शेवंतीने गाऊन आणलेले पैसे

रत्नागिरीच्या बंदरात आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. लग्नानंतर मी मोंबाशाला निघाले, त्या दिवशी पडावात पाय टाकण्याआधी बाबांनी कुबडी वाळूत रोवली, कनवटीची पुरचुंडी सोडवली आणि माझ्या हातात ठेवली. "बाच्या हातात दे," ते म्हणाले. "म्हणावं, रत्नागिरीच्या लंगड्यानं पाठवलंय. ती ओळखील." मग ते माझ्या यजमानांकडे वळून बोटीवर पाणी कुठे मिळतं ते सांगू लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आई बंदरावर आलीच नव्हती. घरातून निघताना तिने माझी ओटी भरली होती आणि म्हणाली होती, "पोचलीस की कळव, बाय. त्या धर्मशाळेचं मात्र मला काय सांगू नको."

ही धर्मशाळा मोंबाशात होती. बाबा तरुणपणी आगबोटीवर खलाशी होते. मोंबाशाच्या बंदरात माल उतरवताना त्यांचा पाय चिरडला, आणि बोट त्यांना तिथेच टाकून निघून गेली. एका कच्छी विधवेने आपल्या घराच्या पडवीत निराधार खलाशांसाठी खाटा मांडल्या होत्या. सगळे तिला बा म्हणत. तिने बाबांना उचलून नेलं, डॉक्टर आणला, पाय कापल्यावर कितीतरी महिने भरवलं आणि शेवटी तिकीट काढून घरी धाडलं. बाबांनी निघताना तिला शब्द दिला, दरसाल काहीतरी पाठवीन.

पावसच्या अलीकडे आमची वाडी. त्या वाडीत, आणि भाट्याची खाडी तरीतून ओलांडून थेट रत्नागिरी शहरात, बाबा एक पत्र्याचा डबा घेऊन हिंडत. गणपतीत, शिमग्यात, कुणाच्या पूजेला. आमचं सगळं घरच त्या डब्याला जुंपलेलं होतं. आई कोकमं सुकवी, आंब्याची साठं घाली आणि विकून आलेले पैसे डब्यात टाकी. मी पुढे होऊन सांगे, "परमुलखात पडलेल्या आपल्या माणसांसाठी द्या." पण लोक खरे पैसे टाकीत ते माझ्या धाकट्या बहिणीचं, शेवंतीचं गाणं ऐकून. ती डोळे मिटून गाई. शहरातल्या वकिलांच्या बायका तिला ओटीवर बसवून आणखी एक म्हण, आणखी एक म्हण, करीत. लोक हसतही. "लंगड्या, घरावर कौलं नाहीत नि आफ्रिकेला दान?" बाबा म्हणत, "तिथं या घडीला माझ्यासारखा कुणीतरी पडलेला हाय." पैसे जमले की ओळखीच्या खलाशाबरोबर ते मोंबाशाला जात.

एका उन्हाळ्यात शेवंतीच्या पोटात कळा सुरू झाल्या. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता मिरजेला न्या. चिरावं लागेल." मोटार भाड्याने करायला हवी होती. घरात पैसे होते ते फक्त डब्यातले.

आईने डबा बाबांच्या पुढ्यात आणून ठेवला. "काढा."

"ते आपले नायत."

"तिच्या गळ्यानं आणलेत ते. काढा म्हणते ना!"

"दुसऱ्याच्या नावानं हात पसरून आणलेत. मी उसने आणतो. आत्ता जातो नि येतो."

आई त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी कुबडी उचलली आणि ते बाहेर पडले. डबा मी उचलू शकत होते, आई उचलू शकत होती. पण बाबा परत येणारच आहेत, आत्ता येतील, या आशेवर आम्ही दाराकडे बघत राहिलो. ज्यांनी आफ्रिकेसाठी हसत हसत दिले होते, त्यांच्याच दारात बाबा आता स्वतःच्या मुलीसाठी उभे होते, आणि जो तो उद्या बघू म्हणत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मोटार घेऊनच आले. मिरजेच्या वाटेवर, साखरप्याच्या अलीकडे, शेवंती माझ्या मांडीवर गेली. बाबांनी मोटार परत फिरवायला सांगितली. त्यानंतर आई त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढी, पाणी ठेवी, एवढंच. तो डबा मात्र त्या सालीही मोंबाशाला गेला.

म्हणून त्या पुरचुंडीचं ओझं घेऊन मी बोटीत चढले. पोचल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघं धर्मशाळेत गेलो. मी पडवी शोधत होते. समोर दगडी इमारत होती, वर घड्याळ, दाराशी रखवालदार. मुनीम भला माणूस होता. त्याने आम्हाला सरबत दिलं. बा वारून पुष्कळ वर्षं झाली, म्हणाला. आता मोठमोठे शेठ कारभार बघतात, देवदयेने कशाची कमी नाही.

"मग माझ्या वडिलांचे पैसे?" मी विचारलं.

"येतात ना! दरसाल येतात. बहुत श्रद्धेचा माणूस. अशा लहान देणग्या आम्ही कबुतरांच्या दाण्याला लावतो. मोठं पुण्य आहे, बेन."

त्याने खिडकी उघडून अंगण दाखवलं. शेकडो कबुतरं फरशीवर दाणे टिपत होती. मला मोटारीतली शेवंती दिसली. मी सरबताचा पेला खाली ठेवला आणि पुरचुंडी पदरात तशीच धरून बाहेर आले.

फाटकापाशी भिंतीला टेकून एक माणूस बसला होता, तापाने लाल झालेला. रखवालदार त्याला ऊठ म्हणत होता. एखाद्या व्यापाऱ्याची चिठ्ठी असल्याशिवाय आत घेत नव्हते. माणूस वेंगुर्ल्याकडचा खलाशी निघाला. माझ्या यजमानांनी माणसाने ओढायची रिक्षा आणली आणि आम्ही त्याला आमच्या दोन खोल्यांत नेलं. पुरचुंडी सुटली ती त्याच्या डॉक्टरासाठी, आणि उरली ती त्याच्या लाकडांसाठी. तो वाचला नाही. शेवटपर्यंत मला "वैनी, बोट आली काय?" विचारत होता.

बाबांना मी एवढंच कळवलं की पैसे आपल्याकडच्या एका खलाशाच्या कामी आले. मला वाटलं, आता गोष्ट इथे संपेल. पण आमच्या शेजारचे मयेकर रजेवर रत्नागिरीला गेले आणि आपणहून आमच्या घरी खुशाली सांगायला गेले. शेवंतीचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ओटीवर चहा पिता पिता त्यांनी धर्मशाळेचं वर्णन केलं आणि म्हणाले, "केवढी ती कबुतरं, काका! तुमच्याच पैशांचे दाणे खातात, तिथला मुनीम सांगत होता." आई आतल्या दारात उभी होती. परत आल्यावर मयेकर मला म्हणाले, "तुमच्या बाबांनी फक्त विचारलं, बा कधी गेली."

त्यापुढचं मामांच्या पत्रांतून कळत गेलं. शिमगा आला आणि बाबा पुन्हा डबा घेऊन निघाले. आईने किती वर्षांनी तोंड उघडलं. "आता कुणासाठी?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "थांबलो तर माझी शेवंती कशापायी गेली?"

आईने घरातला दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं आणि ती भावाकडे पावसला निघून गेली. वाडीत कबुतरांची गोष्ट तोवर सगळ्यांना ठाऊक झाली होती. पोरं बाबांच्या मागून घुटर्र घूं करीत चालत. तरी ते घरोघर जात होते. डब्यात कुणी काही टाकीनासं झालं होतं. पुढच्या थंडीत ते तापाने गेले. घरात पाणी द्यायला कुणी नव्हतं. मला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. मी इथे न्हाणीत डोक्यावरून पाणी घेतलं आणि संध्याकाळी सगळ्यांना जेवायला वाढलं.

तुम्ही तिकडे राहिलेले आणि माझ्यासारखे इकडे आलेले, दोघंही मला विचारता, घरची ओढ लागत नाही का? घरामागच्या शांब्यात, म्हणजे आमच्या जमिनीच्या तुकड्यात, मी इथे फणस लावला आहे. माझी मुलगी बाजारातल्या बायकांशी त्यांच्या बोलीत भांडते आणि माझ्याशी मराठीत. घासाघासाला इथलं अन्न अंगी लागलं आहे. पण हे घर आहे असं माझ्या तोंडून निघत नाही, आणि तिकडचं घर म्हणायला जीभ रेटत नाही.

बाबा गेल्यावर आई पावसहून आमच्या घरी परतली आणि एकटी राहते. मी तिला लिहिलं, इकडे ये, नात बघ. तिने मामांकडून उत्तर लिहून घेतलं. "मला बोलवू नको, बाय. मी तुझ्याकडे आले तर इथं शेवंतीला हाक मारणारं कोण उरेल? सांजेला मी रोज मारते. त्यांनाही मारते आता."