पार्सन्स वूडचं कुंपण

थेल्मा गॅरड रागावली की तिचा आवाज चढत नाही, खाली जातो. विदरडेनच्या शाळेत तिनं नोकरीभर स्वयंपाक केला, त्यामुळे तिच्या हातची उकडलेली कोबी खाल्लेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. डेरिक थरलोनंही ती खाल्ली होती. तरी तो विसरला.

पार्सन्स वूड हे आमच्या गावाचं राखीव जंगल. जंगल म्हणायचं इतकंच. या फाटकातून शिरलेला कुत्रा त्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत मालकाची सिगारेट संपत नाही. निवृत्त झाल्यापासून थेल्मा त्याची देखभाल करते. दर शनिवारी गावातली चार-पाच म्हातारी माणसं कोयते आणि करवती घेऊन तिच्या हाताखाली राबतात. हिवाळ्यात हेझलच्या झाडांचा एक पट्टा निवडायचा आणि झाडं थेट बुडख्यापाशी तोडायची. मग जमिनीला ऊन लागतं, वसंतात प्रिमरोज फुलतात आणि बुडख्यांतून नवे धुमारे फुटतात. शेकडो वर्षं असंच चाललंय. तरीही दर हिवाळ्यात कुणीतरी फाटकाशी थांबून विचारतंच, "थेल्मा, झाडांनी तुझं काय वाकडं केलंय?"

झाडांचं वाकडं करतात ती भेकरं. कोवळा धुमारा दिसला की ती मुळापर्यंत कुरतडतात आणि सलग दोन-तीन हिवाळे हे झालं की बुडखा मरतो. म्हणून तोडलेल्या पट्ट्याभोवती कुंपण लागतं. थेल्मा ते तोडलेल्या फांद्यांचंच करते. खुंटांच्या दोन रांगा ठोकायच्या आणि मधे काटक्या-फांद्या दाबून दाबून छातीएवढ्या उंच भरायच्या. एका पट्ट्याला अख्खा हिवाळा जातो. माहीत नसलेल्याला ते कुंपण म्हणजे कचऱ्याचा लांबलचक ढीग वाटतो.

ग्रामपरिषदेनं तिथं माहितीची पाटी लावायची म्हटली होती. थेल्मानं साफ नकार दिला. "वाचायचंय त्यांनी बसस्टॉपवर जावं," ती म्हणाली. हे तिचं चुकलं. तिनं ते आजवर कबूल केलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी ती आठवडाभर बहिणीकडे लोस्टॉफ्टला गेली. पाच नोव्हेंबरच्या दुपारी परतली आणि सवयीनं घराआधी जंगलात गेली. कुंपण नव्हतं. खुंट तेवढे उभे होते, आणि चिखलात ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा.

पाच नोव्हेंबरला आमच्याकडे होळी असते. मैदानावर लाकडं रचायची, वर जुन्या कपड्यांचा पुतळा बसवायचा, अंधार पडला की पेटवायचं. होळी समितीचा प्रमुख डेरिक. पेशानं प्लंबर, माणूस कामसू, गावाच्या प्रत्येक भानगडीत पुढे. थेल्मा मैदानावर पोचली तेव्हा तो शिडीवर चढून पुतळ्याला टोपी घालत होता.

"आलात का, थेल्मा?" तो वरूनच म्हणाला. "तुमचं काम हलकं केलं बघा. तो सगळा पसारा उचलला जंगलातून. चकाचक करून टाकलं."

"खाली ये."

"टोपी बसली की आलो."

"डेरिक, खाली ये."

आवाज खाली गेलेला ऐकून तो उतरला. ते कुंपण होतं, हे तिनं त्याला सांगितलं. डेरिकनं ढिगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कुंपण? अहो, काटक्या होत्या त्या. तार नाही, फाटक नाही. मला कसं कळावं?"

"विचारून."

"तुम्ही नव्हतात."

"म्हणून घरात शिरून माझं टेबलही जाळणार होतास?"

थेल्मानं चहाच्या टपरीवरची घडीची खुर्ची उचलली, ढिगाला टेकवून मांडली आणि बसली. "आता पेटव," ती म्हणाली.

तासाभरात मैदान भरलं. सॉसेजची रांग लागली आणि रांगेतून शेरेही आले. एक आजोबा म्हणाले, "पुतळा यंदा खाली का बसवलाय?" लोक हसले. थेल्मा हसली नाही.

शेवटी परिषदेच्या अध्यक्ष मिसेस ओकडेन मधे पडल्या. अर्धं थेल्माला परत, अर्धं होळीला. हात वर करा. भराभर हात वर गेले, थेल्माच्या शनिवारच्या मंडळींपैकी दोघांचेही. सगळ्यांना वाटलं, झाला न्याय.

"अर्धं कुंपण घेऊन मी काय करू?" थेल्मानं विचारलं. "भेकरं चालत दुसऱ्या बाजूनं येतील."

"मग छोटं करा," डेरिक म्हणाला. "अर्धी झाडं तरी वाचतील."

अर्धीही वाचली नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं परत आलेल्या फांद्यांत जेवढं लांब कुंपण होईल तेवढी दोरी मोजली आणि ती जमिनीवर गोल टाकून पाहिली. अर्ध्या कुंपणात पट्ट्याचा जेमतेम पाव भाग आला. कुठले बुडखे आत घ्यायचे आणि कुठले भेकरांना सोडायचे, हे तिलाच ठरवावं लागलं. सकाळभर ती दोरी ओढत राहिली. मदतीला आलेल्या त्या दोघांना तिनं घरी पाठवलं.

"कालचे हात खाली आले का?" एवढंच विचारलं.

हिवाळ्यात भेकरांनी आपलं काम केलं. मार्चमध्ये कुंपणाच्या आत आदल्या उन्हाळ्यात वाढलेले माणसाच्या उंचीचे धुमारे शाबूत होते, बाहेर कुरतडलेली थोटकं. डेरिक तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आला. उरलेल्या भागाला फुकट तार लावून देतो म्हणाला. थोटकांतून पुन्हा फुटेल तेवढं तरी वाचेल.

"लाव," थेल्मा म्हणाली. "पण माझ्याशी बोलू नकोस."

त्यानं दोन शनिवार खपून तार लावली. तिनं हातोडा दिला, खिळे दिले, चहाही दिला. शब्द मात्र एकही दिला नाही. तार पक्की झाल्यावर तिनं पिशवीतून एक फळी काढली आणि वाटेकडच्या खांबावर ठोकली. पांढऱ्या रंगात, तिच्याच अक्षरात: 'इथलं कुंपण विदरडेन गावानं पाच नोव्हेंबरला मतदान करून जाळलं.'

परिषदेच्या पुढच्या बैठकीत पाटीचा विषय निघाला. गावाबाहेरचे लोक वाचतात, बरं दिसत नाही, असं मिसेस ओकडेन म्हणाल्या. काहीतरी सौम्य लिहिता येईल का?

"पाटी तुम्हालाच हवी होती," थेल्मा म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत तिचा आवाज पोचला नाही, पण हात वर करायला कुणी सांगितलं नाही.

पाटी अजून तिथंच आहे. गेल्या आठवड्यात तिनं तिला रंगाचा दुसरा हात दिला.