नालीत थुकलेला घोट

मंडळी, आज सकाळी मी भर दुष्काळात, लातुरात, अख्ख्या गल्लीसमोर पाण्याचा घोट थुकले. अजून कान गरम आहेत.

मी पुण्यात वाईन चाखायचं काम करते. आमच्या अप्पांनी मात्र गल्लीत 'हॉटेलात मोठ्या पोस्टवर हाय' एवढंच सांगून ठेवलंय. रोज महादेवाला बेल वाहणारा किराणा दुकानदार, दुसरं काय सांगणार?

आज कितीतरी दिवसांनी टँकर आला आणि पाण्याला वास येत होता. बायका घागरी भरेनात. अप्पा म्हणाले, "थांबा, आमची पोरगी बघंल. तिचं नाक लई तेज हाय."

मी फुलपात्र गोल फिरवलं, वास घेतला, घोट तोंडात घोळवला. गंज होता, ब्लीचिंग पावडर होती, सडकं काही नव्हतं. प्यायला हरकत नव्हती. आणि टेस्टिंगला करते तसं, सवयीनं, वळून नालीत थुकले.

शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं, पाणी थुकायलीस व्हय? पाणी?"

तेवढ्यात अप्पाच बोलले, "रागवू नका तिला. वाईन चाखती ती. तिथं गिळत न्हाईत, थुकतात. रोजची सवय हाय."

इतक्या वर्षांत 'वाईन' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, तोही चारचौघांत. तुमच्या घरच्यांनी सांगितलंय का हो कधी तुमचं काम असं?

मग अप्पांनी फुलपात्र पुन्हा भरलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हे मात्र गिळ, बाई."