मैद्याचे गुलाब

एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीत कोणीही पाहुणा कलाकार शिकवायला आला, की शेजारच्या कुमुदकाकू पहिल्या रांगेत. काचकाम झालं, मडकी रंगवून झाली. घरात पाणी प्यायला साधा माठ उरला नाही, पण बोलायची कोणाची टाप होती?

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात इंदूरहून एक सर आले. मैद्यात निम्मं मीठ घालून मळायचं, रंगीत गुलाब वळायचे आणि वाळवून भिंतीवर लावायचे. काकूंनी परातभर गुलाब वळले आणि गच्चीवर वाळत घातले. कुठे, तर कुरडयांच्या शेजारी, त्याच जुन्या साडीवर! मी म्हटलं, "काकू, वेगळे ठेवा ना." तर माझ्यावरच डाफरल्या, "तू मला वाळवण शिकवू नकोस."

निरोपाच्या दिवशी त्यांनी सरांना जेवायला बोलावलं. काकू आमरस वाढत होत्या आणि तळण काकांकडे होतं. बायकोने यंदा कुरडयांचा नवीन प्रकार केला असेल, असं समजून काकांनी साडीवरचं सगळं तळलं. सरांच्या ताटात एक लालबुंद गुलाब पडला. सरांनी तो कडकन चावला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, पदार्थ छान आहे. फक्त मीठ जरा जास्त पडलंय."

काकूंनी गुलाब ओळखला. काकांकडे एक जळजळीत नजर टाकली. पण हार मानतील त्या काकू कसल्या?

"प्रमाण तुमचंच आहे, सर," असं म्हणून त्यांनी आग्रहाने दुसरा गुलाब वाढला.