कोर्जाईच्या तरीवरून मदरबोर्ड

कुडाळला गाडीतून उतरलो तर मिताली समोरच उभी. पाठीवर रिकामी सॅक आणि हातात मासे भरतात तसली प्लास्टिकची क्रेट, घासून लख्ख केलेली.

"सामान ह्येच्यात बसात, काकानू. वास घेव नका, तीनदा धुतलंय."

मिताली माझ्या धाकट्या भावाची, वासूची मुलगी. रत्नागिरीला इंजिनियरिंग शिकते. सुट्टीभर देवबागात शेजारच्या होमस्टेमध्ये पर्यटकांना जेवण वाढून तिने थोडे पैसे साठवले होते. त्यात तिला गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर घ्यायचा होता, तोही एकेक भाग निवडून, स्वतः जुळवून. तेवढ्या पैशांत तयार मशीन मिळतं, पण त्यावर गेम रखडत चालतात. मी त्यासाठीच ठाण्याहून आलो होतो.

"बाबा येवक नाय?" मी विचारलं.

"नाय. म्हणतत, माझो हात बरो नाय. तू पण उघडू नको, तयार घे." ती हसली. "माझ्याकडसून बिघाडला तर आजूबाजूची म्हणतली, बापाचोच हात. तेंका नेमका काय झालेला ओ, तेव्हा?"

"जुनी गोष्ट," मी म्हणालो आणि रिक्षा शोधू लागलो. मला तेवढंच बोलायची सवय आहे.

बाजारात आधी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खाल्लं. ही जोडी ठाण्यात मी अनेकदा करवून पाहिली, पण वाटाणे तिथे असे खुलत नाहीत. समोर बसलेली मिताली बोटांवर हिशेब करत होती. वासूही असाच करायचा. कोकण रेल्वे नवी नवी होती आणि मी मुंबईला नोकरीला लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. बारावी झालेला वासू सारवलेल्या अंगणात खडूने मदरबोर्ड (ज्या पाटीवर बाकीचे सगळे भाग बसतात ती) आखायचा आणि त्यावर करवंट्या मांडून आईला शिकवायचा, "हो प्रोसेसर गो आये, ही रॅम." आई म्हणायची, "आणि माझी सोलकढी खंय?"

मग कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिल्यांदा आतून दिवे लुकलुकणारी काचेची कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग ठेवायची पेटी, काढली.

"गेमिंगक हीच नेतत सगळी."

"लाइटींनी गेम पळता काय?" मितालीने विचारलं. "माका जाळीची दिया, साधी. आणि एसएमपीएस चांगलो दिया."

एसएमपीएस म्हणजे घरची वीज सगळ्या भागांना वाटून देणारा डबा. देवबागात वीज चढते-उतरते, तेव्हा तिथे काटकसर नको, हा तिचा हिशेब. प्रोसेसर तिने मागच्या पिढीतला घेतला, कारण त्याला चालणारा मदरबोर्ड स्वस्त पडतो. रॅमची एकच पट्टी घेतली आणि दुसरी खाच पुढच्या वर्षासाठी मोकळी ठेवली. स्क्रीन म्हणून घरचा टीव्ही. राहिलं ग्राफिक्स कार्ड. गेममधलं चित्र पळतं ठेवणारा तो भाग सगळ्यांत महाग. तो तिने जुना ठरवला होता, वेंगुर्ल्यातल्या एका मुलाकडचा.

"नाय पटला तर?"

"म्हणान तर स्वतःच चित्र काढणारो प्रोसेसर घेतलंय. अडूचा नाय."

मी थोडी भर घालू का, असं विचारलं. "नको. मगे ता तुमचा होतला," ती म्हणाली. दुकानदार माझ्याकडे बघून मिशीत हसला.

वेंगुर्ल्याच्या एसटीत क्रेट माझ्या मांडीवर होती. पिंगुळी मागे पडली, पुढे काजूच्या बागा लागल्या. कार्ड विकणारा मुलगा काजूच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याच्या आईने कोकमाचं सरबत दिलं आणि वर म्हणाली, "न्या गो ता एकदाचा. झील जेवना नाय त्या गेमापायी."

मितालीने कार्ड खिडकीशी नेलं, पंख्याच्या फटीतून आत पाहिलं, नखाने एक स्क्रू खरवडला. नखावर पांढरी पूड आली.

"ह्या खिडकीत ठेवलेलास मां? समुद्राच्या बाजूक?"

"पण पुसलेला आसा! चालता!" मुलगा म्हणाला.

"आज चालता. वरसून पुसलास, पण आत खार रवलो." तिने कार्ड अलगद परत दिलं. "रागाव नको हां."

ती पायऱ्या उतरून गेली. मी सरबताचा पेला हातात धरून तसाच उभा राहिलो होतो.

परुळ्यापर्यंत बस आणि तिथून रिक्षाने कोर्जाईची जेटी. पलीकडे देवबागचे माड दिसत होते, मध्ये कर्लीची खाडी. तर (माणसं पार करणारी होडी) किनाऱ्याला लागत होती.

"रस्त्यान जावया," मी म्हणालो.

"काकानू, कुडाळ-मालवण फिरान? घर ह्या समोर दिसता!"

इथे मला लिहायलाच हवं. वासूसाठी भाग मीच आणले होते, मुंबईहून, त्याने पत्रात लिहून दिले होते तसे. घरी लवकर पोचायच्या हौसेने मी ह्याच वाटेने आलो. होडीतून उतरताना पाय शेवाळावरून सरकला आणि मदरबोर्डची पिशवी खाडीत गेली. गुडघाभर पाणी होतं, लगेच काढली. किनाऱ्यावरच्या कातळावर बोर्ड उन्हात सुकवला, पांढरे डाग रुमालाने पुसले, पुन्हा खोक्यात घालून वासूच्या हातात दिला. काही बोललो नाही. मुंबईहून आलेला थोरला मुलगा होतो मी, सगळे वाटेकडे डोळे लावून बसले होते. वासूने जुळवलं, बटण दाबलं. धूर निघाला. आमचे बाबा त्याला म्हणाले, "तुझो हातच वायट." शेजारी म्हणाले, गाव म्हणालं. मी जेवत होतो, जेवत राहिलो. वासूने पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर धरला नाही. आज तो पर्यटकांची होडी चालवतो, पण इंजिनाचं साधं झाकण उघडायलाही दुसऱ्याला बोलावतो.

होडीत मी क्रेट पोटाशी धरली. नावाडी म्हणाला, "पावणे, ती काय बाळंतीण आसा? सैल सोडा!" सगळे हसले. मी सोडली नाही.

आमच्याकडे नवी होडी असो की नवी मोटारसायकल, गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. थोरल्याने देवाला मोठ्याने सांगायचं आणि घरच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर सगळे भाग मांडून झाले. वासूने समोर नारळ ठेवला आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

"दादा, तू थोरलो. घाल."

गावच्या देवाला हाक मारायच्या रीतीने मी सुरुवात केली, "बारा पाचाच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवान आपल्या कष्टान ह्या यंत्र हाडल्यान, तेका येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुढे 'काय चुकला-माकला आसात ता पदरात घी' असं म्हणायची रीत आहे. त्या शब्दांत काहीही झाकता येतं. इतकी वर्षं मी तेच केलं.

"आणि म्हाराजा, ह्या घरात आधी जा यंत्र जळला, ता वासूच्या हातान जळूक नाय. माझ्या हातसून ता खाडयेत पडलेला. मी पुसून दिलंय आणि गप रवलंय. दोष माझो. तेच्या हाताचो नाय, म्हाराजा."

कोणीच होकार दिला नाही. वासू नारळाकडे बघत होता.

"खंय पडलेला?" त्याने विचारलं.

"हय. आमच्याच धक्क्यार."

"आणि माका कधी सांगतलं होतंस? मेल्यावर?"

तो चपला न घालता खाडीकडे निघून गेला. गाऱ्हाणं अर्धंच राहिलं. मितालीने माझ्याकडे पाहिलं नाही. तशीच खाली बसून जुळवू लागली. मला वाटलं, मी तिचाही दिवस नासवला. प्रोसेसरवरच्या पंख्याशी ती अडली. तीन स्क्रू बसले, चौथा धरेना. "बाबांचोच हात माझो," ती पुटपुटली.

मागे घंगाळातल्या पाण्याचा आवाज झाला. वासू हात धूत होता. पंच्याने पुसले, पुन्हा पुसले.

"सरक गो. चारय स्क्रू आधी ढिले कर. मगे समोरासमोरचे थोडे थोडे आवळूचे. एकदम एक आवळलंस तर बोर्ड वाकता."

अंगणात करवंट्या मांडणारा मुलगा सगळं विसरला असेल असं मला वाटलं होतं. त्याने तिच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले आणि चौथा स्क्रू बसला. मग देवाकडेही न बघता तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

पंखा फिरला, टीव्हीवर अक्षरं उमटली. संध्याकाळपर्यंत गेमही चालला, चित्राचा दर्जा कमी ठेवून. वासूने पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर घातली. माझ्याशी मात्र तो दिवसभर बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं. जळलेला बोर्ड बदलता येतो. त्या मुलाची वर्षं मी कुठून आणणार?

परत निघालो तेव्हा मला पलीकडे सोडायला तो स्वतःची होडी घेऊन आला. कोर्जाईला मी जपून उतरलो. त्याने माझी बॅग वर दिली.

"पुढच्या वर्साक तिच्यासाठी ता ग्राफिक्स कार्ड घेवन ये," होडी मागे घेत तो म्हणाला. "पण रस्त्यान ये, मेल्या!"