मंठ्याच्या गाडीची ओळ

मी अक्काला म्हटलं होतं, "बाकावरून उठायचं न्हाई. गाडी लागली की माझा प्रोग्राम सांगंल." माझे मूर्खपणाचे किस्से मी नातवंडांना चवीनं सांगते. हा मात्र सांगत नाही, म्हणून लिहून टाकते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी चाळिशीची, जालन्यात एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहिणारी, आणि हे भाजीवालीलासुद्धा कळलं पाहिजे याची दक्षता घेणारी. इथल्याच एसटी स्टँडसाठी आम्ही नवं काम केलं होतं. फाटकावरचा कारकून आत येणारी गाडी टाइप करी. दुसरा एक प्रोग्राम त्या ओळी गोळा करून पाइपमधून माझ्या प्रोग्रामच्या स्टँडर्ड इनपुटला, म्हणजे मजकूर आत घ्यायच्या दाराशी, सोडी. माझा प्रोग्राम त्या दाराशी झोपलेला असे. काही आलं की सिस्टिम त्याला उठवी. तो एक ओळ चौकशीच्या खिडकीतल्या पडद्यावर दाखवी आणि पुन्हा झोपे. खिडकीतले मामा ती ओळ भोंग्यावर वाचत. आधी ते मान बाहेर काढून फलाट बघायचे. मीच त्यांना म्हटलं, "मामा, आता मान मोडायची गरज न्हाई."

तपासलं मी कीबोर्डवर. एक ओळ, एन्टर. एक ओळ, एन्टर. बिलकुल बराबर! पाइपमधून ओळी घोळक्यानं येतात, हे बाईसाहेबांच्या टाळक्यात शिरलंच नाही.

आणि मंठ्याहून, माहेरून, निरोप आला. आमच्या वडिलांचं, अण्णांचं, काही खरं नव्हतं. थोरलीची वाट बघून राह्यलेत म्हणे. थोरली म्हणजे माझी अक्का. ती केदारखेड्याहून, सासरहून, दुपारीच माझ्याकडे पोचली. मी सकाळी निघणार होते, तिला धीर नव्हता. मंठ्याच्या शेवटच्या गाडीसाठी मी तिला बायकांच्या खोलीत बाकावर बसवलं, वर सांगितलेली आज्ञा केली आणि ऐटीत परतले.

दिवेलागणीला अक्का रिक्षातून माझ्या दारात.

"अगं, गेली न्हाईस?"

"तुझ्या भोंग्यानं मंठ्याचं नावच न्हाई घेतलं."

"मंग गाडी रद्द झाली असंल. माझा प्रोग्राम चुकत न्हाई."

अक्का पिशवी घेऊन उंबऱ्यावरच बसली. मंठ्याकडे जाणाऱ्या जीपाही निघून गेल्या होत्या. चहा मी केला, तो तसाच निवला.

सकाळी दोघी स्टँडवर. जाफराबादहून पहिली गाडी आत शिरली आणि भोंगा खरखरला, "मंठ्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे." अक्का पिशवी सावरत धावली. फलाट रिकामा होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती ओळ कालची होती.

आदल्या संध्याकाळी शेवटच्या गाड्या पाठोपाठ आल्या होत्या. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून बायका कान नळाकडे ठेवून झोपतात. माझ्या प्रोग्रामनं आलेलं सगळं पाणी, म्हणजे साऱ्या ओळी, एकदम आपल्या हौदात ओढलं, एक तांब्या भरला, म्हणजे एकच ओळ दाखवली, आणि पुन्हा नळाला कान लावून झोपला. नळ कोरडा, मग उठवणार कोण? दिवसा मागची गाडी येऊन त्याला ढोसायची, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. शेवटच्या गाडीमागे कोणीच नसतं. मंठ्याची ओळ हौदात पडून राहिली, आणि गाडी माणसं घेऊन निघून गेली.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती. अण्णा पहाटे गेले होते. वहिनी एवढंच म्हणाली, "कडी वाजली की इचारायचे, थोरली आली का."

दुरुस्ती काय होती? जाग आली की हौद रिकामा होईपर्यंत वाचत राहायचं, मगच झोपायचं. बस. मी ती केली, प्रोग्राम नीट चालला, साहेबांनी पाठ थोपटली. माझ्या हातून त्यापेक्षा निरुपयोगी काम आजवर झालेलं नाही.

तेराव्यानंतर अक्का ज्वारी निवडत बसली होती. मी जवळ जाऊन तिला सगळं सांगितलं, हौद, नळ, तांब्या, सगळं. तिनं एक थोबाडीत मारावी अशी माझी फार इच्छा होती. तिनं सुपातून डोळेसुद्धा वर केले नाहीत.

"तुझ्या प्रोग्रामला कशाला बोल लावती? मी बायकांच्या खोलीच्या खिडकीतून गाडी बघितल्ती. मंठ्याची पाटीबी वाचल्ती. पण तू म्हणलीस, उठायचं न्हाई."